चित्र यंत्राचे, कमाई जाणकाराची

‘कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे तयार करा आणि घरबसल्या कमवा’ अशा जाहिराती सध्या समाजमाध्यमांवर पावलोपावली दिसतात. या दाव्यात तथ्य किती, हे समजून घेण्यासाठी बेळगावच्या शहापूरचे उदाहरण उपयोगी ठरते. 1948 मधील विलीनीकरणापर्यंत सांगली संस्थानच्या अमलाखाली असलेली ही पेठ विणकर आणि सराफ यांच्यामुळे नावारूपाला आली. शहापूर, वडगाव, खासबाग या पट्ट्यात आजही यंत्रमागांवर साड्या विणल्या जातात. लग्नाच्या बस्त्यासाठी चोर्ला घाट चढून जाणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांना हा परिसर अपरिचित नाही. साडीच्या व्यवसायात नक्षीला मोल आहे. मात्र ते मोल नक्षी कापडात उतरल्यावरच मिळते.

मिडजर्नी, अडोबी फायरफ्लाय, चॅटजीपीटी यांसारखी साधने शब्दांत दिलेल्या सूचनेवरून चित्र तयार करतात. असंख्य चित्रे आणि त्यांची वर्णने यांच्या अभ्यासातून त्यांना आकार व रंग यांचे परस्परसंबंध शिकवलेले असतात. ‘मोराची बुट्टी, जांभळी पार्श्वभूमी, सोनेरी काठ’ एवढे लिहिले की काही क्षणांत चार-पाच नमुने समोर येतात. हे काम कोणालाही साधत असल्यामुळे नुसत्या चित्राला बाजारात फारसा भाव उरलेला नाही.

चित्रविक्रीच्या संकेतस्थळांवरून ही गोष्ट स्पष्ट होते. गेटी इमेजेसने सप्टेंबर 2022 मध्येच अशी चित्रे स्वीकारणे थांबवले. अडोबी स्टॉक ती स्वीकारते. परंतु चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केल्याचे नमूद करणे बंधनकारक आहे. तेथे छायाचित्रे व चित्रांच्या विक्रीतील 33 टक्के वाटा चित्र देणाऱ्याला मिळतो. एकेका विक्रीची रक्कम किरकोळ असल्याने आणि चित्रांची गर्दी अफाट असल्याने, केवळ यावर घर चालवण्याची आशा धरणे धाडसाचे आहे.

चित्रापासून मागापर्यंत

खरी संधी चित्र आणि वस्तू यांच्यामधल्या अंतरात आहे. फ्रान्सच्या जोसेफ मारी जकार्ड याने 1804 च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी विणणारी यंत्रणा आणली. पुढे गणकयंत्रांनाही सूचना देण्यासाठी हीच कल्पना वापरली गेली. जकार्डमधील प्रत्येक हूक ताण्याचे ठरावीक धागे उचलतो. उदाहरणार्थ, यंत्रणा 400 हुकांची असेल, तर नक्षीच्या एका आवृत्तीला रुंदीत जास्तीत जास्त 400 चौकटी मिळतात. याउलट, संगणकावरील 1024 गुणिले 1024 आकाराच्या चित्रात दहा लाखांहून अधिक बिंदू आणि हजारो रंगछटा असतात.

हे चित्र मागावर जसेच्या तसे चढत नाही. रंग मोजकेच ठेवावे लागतात, कारण बाण्यातील प्रत्येक वाढीव रंगाबरोबर वेळ आणि खर्च वाढतो. बुट्टीची एक आवृत्ती दुसरीला बेमालूम जोडावी लागते. धागा न अडकता कापडावर फार लांब तरंगत राहिला, तर साडी नेसताना तो ओढला जातो. म्हणून तो मध्ये-मध्ये बांधून घ्यावा लागतो. चित्र तयार करणाऱ्या सर्वसाधारण साधनाला मागाच्या या मर्यादांची जाण नसते. ती जाण असलेला कारागीर मात्र एका दिवसात अनेक कल्पना व्यापाऱ्यापुढे ठेवू शकतो आणि निवडलेल्या नमुन्याचा मागासाठी आलेख करून देऊ शकतो. मोबदला मिळतो तो या आलेखाचा.

हेच तत्त्व दागिन्यांची रेखाटने, मिठाईच्या खोक्यांवरील वेष्टने आणि लग्नपत्रिका यांनाही लागू पडते. यंत्राने लिहिलेली देवनागरी अक्षरे चुकू शकतात. म्हणून मजकूर स्वतंत्रपणे बसवणे श्रेयस्कर.

कायद्याची बाजू

भारताच्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार, संगणकनिर्मित कलाकृती ज्या व्यक्तीमुळे निर्माण होते ती तिची कर्ता मानली जाते. मात्र केवळ सूचना लिहिणाऱ्याला ही तरतूद कितपत लागू पडते, हा वाद मिटलेला नाही. अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कार्यालयाने जानेवारी 2025 च्या अहवालात, नुसत्या सूचनेने असा हक्क मिळत नसल्याचे मत मांडले.

साडीच्या नक्षीबाबत आणखी एक तरतूद ध्यानात ठेवावी लागते. नोंदणीयोग्य डिझाइनची नोंदणी केली नाही आणि हक्कधारकाने किंवा त्याच्या परवानगीने ते वापरून औद्योगिक प्रक्रियेने पन्नासहून अधिक नग तयार झाले, तर त्यावरील स्वामित्वहक्क संपतो. डिझाइन कायदा, 2000 खाली नोंदणी केल्यास दहा वर्षे आणि मुदतवाढ घेतल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. त्यासाठी नमुना नवा आणि पूर्वी जाहीर न झालेला असावा लागतो. ग्राहकांना दाखवण्यासाठी तो आधीच इन्स्टाग्रामवर टाकला, तर नोंदणीचा मार्ग बंद होऊ शकतो.

विक्रेत्यांनीही सावध राहणे आवश्यक आहे. यंत्राने रंगवलेली साडी दाखवून प्रत्यक्षात वेगळीच साडी पाठवणे, ही ग्राहकाची दिशाभूल होय. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तसेच इलकल साडीला भौगोलिक मानांकन आहे. यंत्राकडून ‘इलकल’ नक्षी काढून घेतली, म्हणून दुसरीकडे विणलेले कापड त्या नावाने विकता येत नाही.

सुरुवात कशी करावी?

‘हमखास उत्पन्ना’ची ग्वाही देणाऱ्या महागड्या वर्गांचे शुल्क भरण्यापूर्वी, मोफत उपलब्ध साधनांवर हात बसवून पाहावा. त्यानंतर परिचयातील एखादा व्यवसाय निवडून त्याची नेमकी गरज समजून घ्यावी: साडीचा काठ किती रुंद, रंग किती, छपाई कशावर. साधनाच्या अटींमध्ये व्यावसायिक वापराची मुभा आहे का, हे तपासावे. काम घेतानाच दर, दुरुस्त्यांची संख्या आणि मालकी लेखी ठरवावी. या उत्पन्नावरही आयकराचे नियम लागू होतात.

विणकर-कारागिरांच्या पोटावर पाय येईल की त्यांच्या हाताला बळ मिळेल, हे साधन कोणाच्या हाती जाते यावर बरेचसे अवलंबून आहे. पिढ्यान्पिढ्या ताण्याबाण्याचा हिशेब जाणणाऱ्या घरातील मुलांनी ते हाती घेतले, तर नव्याने शिकू पाहणाऱ्या कोणाहीपेक्षा ती दोन पावले पुढे असतील.