दत्तकाचा अधिकार
छत्तीसगडातील अहिवारा हे गाव ज्या दुर्ग मुलखात मोडते, त्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, आणि मागाहून झालेले दत्तविधान अमान्य करून गव्हर्नर जनरल डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले. वास्तविक, महाराष्ट्रात विधवेस पतीच्या स्पष्ट अनुज्ञेवाचूनही दत्तक घेता येतो, असे ‘व्यवहारमयूख’ या धर्मशास्त्रग्रंथाच्या आधारे मानले जाई, पण साहेबास शास्त्राहून वसूल प्रिय! पुढे १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने कन्याही दत्तक घेता येऊ लागली, दत्तहोमाची सक्ती उरली नाही, मात्र मूल प्रत्यक्ष ओटीत देणे-घेणे अपरिहार्यच राहिले. दत्तकाऐवजी परक्याचे बीज घेऊन अपत्यप्राप्तीचा उपचार करण्यास नियोगाचा, म्हणजे परपुरुषाकडून अपत्य मिळविण्याच्या प्राचीन प्रथेचा, दाखला देणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे, की मनूने तो सांगून लगेच निंदिलाही आहे. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने मात्र परबीजाच्या उपचाराने झालेले अपत्य तो उपचार घेणाऱ्या दांपत्याचेच ठरविले.