रिअल्टी इंडेक्स फंड : जमीन की भागीदारी?

एरंडोल, धरणगाव, पारोळा, अमळनेर या आपल्या भागातील व्यापारी पेढ्या कापूस, धान्य, किराणा, कापड आणि सराफी यांवर उभ्या राहिल्या. हंगामाअखेर पेढीत जी शिल्लक राहिली, ती पिढ्यान्‌पिढ्या दोनच वाटांनी गेली : सोने आणि जागा. धुळे-जळगाव महामार्गालगतचा बिनशेती प्लॉट, बाजारपेठेतील गाळा, माल ठेवण्याचे गोदाम, मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने जळगावात घेतलेला फ्लॅट. बँकेच्या कर्ज विभागात असताना अनेक व्यापारी कुटुंबांची तारणाची कागदपत्रे नजरेखालून गेली. त्यांत संपत्तीचा फार मोठा भाग विटा-मातीच्या रूपातच असे.

आता पुण्या-मुंबईत स्थिरावलेली पुढची पिढी एक नवा विचार घरी मांडू लागली आहे. "पप्पा, प्लॉट सांभाळत बसण्यापेक्षा विकून टाकू आणि ती रक्कम रिअल्टी इंडेक्स फंडात ठेवू. जागांचे भाव वाढले की फंडही वाढेल. कुंपण नको, अतिक्रमणाची भीती नको, तलाठ्याकडे हेलपाटे नकोत." हा युक्तिवाद आकर्षक आहे आणि अर्धा खरा आहे. मात्र वडिलार्जित जागा एकदा विकली की ती परत येत नाही. म्हणून उरलेला अर्धा भाग नीट समजून घेणे प्रत्येक कुटुंबाच्या हिताचे आहे.

फंडाच्या पोटात काय आहे?

भारतात या प्रकारचे फंड अगदी अलीकडचे आहेत. एचडीएफसी म्युच्युअल फंडाने मार्च २०२४ मध्ये आणि टाटा म्युच्युअल फंडाने त्यानंतरच्या महिन्यात निफ्टी रिअल्टी निर्देशांकावर आधारित इंडेक्स फंड बाजारात आणले. निर्देशांकात ज्या कंपन्या ज्या प्रमाणात असतात, त्याच कंपन्या त्याच प्रमाणात घ्यायच्या, एवढेच या फंडाच्या व्यवस्थापकाचे काम. निवड करण्याचे स्वातंत्र्य त्याला नसते. त्यामुळे खर्चही कमी, वर्षाला एक टक्क्याच्या आत असतो.

निफ्टी रिअल्टी निर्देशांकात कंपन्या केवळ दहा आहेत. डीएलएफ, लोढा, गोदरेज प्रॉपर्टीज, ओबेरॉय रिअल्टी, प्रेस्टिज, ब्रिगेड, फिनिक्स मिल्स ही त्यांतील ठळक नावे. यांतील फिनिक्स मिल्स हे नाव कापसाच्या व्यापाऱ्यांचे लक्ष वेधून घेईल. खानदेशची रुई ज्या मुंबईच्या गिरण्यांकडे जात असे, त्या गिरणगावातील लोअर परळ येथे १९०५ साली स्थापन झालेली ही कापडगिरणी. आज तिचे उत्पन्न मुख्यतः मॉलमधील दुकानांच्या भाड्यातून येते.

या यादीवरून पहिली गोष्ट लक्षात यावी. फंडाचे युनिट घेणारा जमिनीचा मालक होत नाही. दहा मोठ्या बांधकाम कंपन्यांचा अल्पसा भागीदार होतो. जमीन हा त्या कंपन्यांचा कच्चा माल आहे, जसा जिनिंगवाल्याचा सरकीसह आलेला कापूस. कापसाचा भाव चढला म्हणून प्रत्येक जिनिंग नफ्यात येते का? तसे नसते. माल कोणत्या भावाने घेतला, कर्ज किती, व्याज किती, विक्री वेळेवर झाली का, यांवर नफा ठरतो. बिल्डरचेही तेच आहे. शिवाय त्यांची घरे गुरुग्राम, मुंबई, पुणे, बंगळूरु येथे विकली जातात. एरंडोलच्या प्लॉटचा भाव महामार्ग, बाजार समिती, पाऊस आणि गावातील मागणी यांवर ठरतो. या दोन भावांची चाल एकच असेल, असे मानण्यास आधार नाही.

सतरा वर्षांचा हिशेब

निफ्टी रिअल्टी निर्देशांकाची आधारतिथी डिसेंबर २००६ अखेरची असून आधारमूल्य १००० आहे. त्यानंतरच्या तेजीत जानेवारी २००८ मध्ये तो १८०० च्या वर पोहोचला. जून २००७ मध्ये डीएलएफचा समभाग लोकांनी प्रत्येकी ५२५ रुपयांना मोठ्या उत्साहाने घेतला होता. पुढे अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही संस्था सप्टेंबर २००८ मध्ये बुडाली, जगभर पतपुरवठा आटला, आणि कर्जावर जमिनी साठवणाऱ्या कंपन्यांचे कंबरडे मोडले. मार्च २००९ मध्ये हा निर्देशांक २०० च्याही खाली होता. शिखरावर एक लाख रुपये घातलेल्याच्या हाती दहा-अकरा हजार उरावेत, असे हे प्रमाण आहे.

निर्देशांकाने १००० चा मूळ आकडा पुन्हा ओलांडला तो २०२४ साली. म्हणजे सतरा वर्षांनंतर. मधल्या काळातील लाभांश धरला तर हिशेब थोडा बरा दिसेल. पण चित्र बदलत नाही. तुलनेसाठी पाहा : सात टक्के चक्रवाढ दराने एक लाखाचे सतरा वर्षांत सुमारे ३ लाख १५ हजार रुपये होतात.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीच्या वेळी, हा निर्देशांक पुन्हा २०० च्या खाली गेला होता. तेव्हा घेणाऱ्याची रक्कम २०२४ पर्यंत पाचपटीहून अधिक झाली. त्यामागे कारणे होती. नोटाबंदी, १ मे २०१७ पासून सुरू झालेले महारेरा, वस्तू व सेवा कर आणि २०१८ मधील आयएल अँड एफएस प्रकरणानंतर आटलेला पतपुरवठा यांमुळे दुबळे बिल्डर मागे पडले आणि ग्राहक मोठ्या, विश्वासू नावांकडे वळला. त्यातच व्याजदर उतरले आणि महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२० पासून काही महिने मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांपर्यंत सवलत दिली. परंतु २०२४ मध्ये ११०० ओलांडलेला हाच निर्देशांक २०२५ च्या पहिल्या तिमाहीत ९०० च्या खाली आला होता.

तात्पर्य, येथे परतावा किती मिळेल हे कोणत्या वर्षी घेतले यावर फार अवलंबून आहे. दहाच कंपन्या आणि एकच धंदा असल्यावर हे अटळ आहे. सेबीच्या नियमानुसार अशा क्षेत्रीय निर्देशांकात एका कंपनीचा भार ३५ टक्क्यांपर्यंत आणि पहिल्या तीन कंपन्यांचा मिळून ६५ टक्क्यांपर्यंत असू शकतो. तीन कंपन्यांवर एवढा भार म्हणजे पेढीची दोन तृतीयांश उधारी तीन गिऱ्हाइकांकडे अडकण्यासारखे आहे.

फंडाची खरी जमेची बाजू

मग फंडात काहीच गुण नाही का? आहे, आणि तो परताव्यात नसून सोयीत आहे.

पहिली सोय खर्चाची. प्लॉट घेताना मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि वकिलाची फी धरून किमतीच्या सहा-सात टक्के सहज जातात. फंडाच्या खरेदीवर १ जुलै २०२० पासून ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क आहे. म्हणजे एक लाखावर पाच रुपये.

दुसरी सोय रोखतेची. युनिट विकले की दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे खात्यात येतात. प्लॉटला खरा गिऱ्हाईक मिळेपर्यंत कधी वर्षे जातात, आणि नड असल्याचे कळले की समोरचा भाव पाडून मागतो.

तिसरी सोय आपल्या संयुक्त कुटुंबांना सर्वांत महत्त्वाची आहे : वाटणी. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित संपत्तीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो अधिक स्पष्ट केला. तीन भाऊ आणि एक बहीण यांच्यात एका गाळ्याचे चार भाग कसे करणार? रस्त्याकडची बाजू कोणाला, मागची कोणाला, यावरून सख्ख्या भावांचे बोलणे थांबलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. बहिणीकडून हक्कसोडपत्र घेऊन प्रश्न मिटवण्याची रीतही आता न्यायाची वाटत नाही. चार हजार युनिटांचे मात्र एक-एक हजार असे चार भाग होतात आणि कोणाचाही भाग दुसऱ्यापेक्षा सरस नसतो.

पण हा गुण सर्वच म्युच्युअल फंडांचा आहे, तो केवळ रिअल्टी फंडाचा नाही. वाटणीच्या सोयीसाठी जागा विकायची झाल्यास आलेला पैसा रिअल्टी फंडातच घालावा, असे त्यातून निघत नाही.

भाडे हवे असेल तर

अनेकांना जागा हवी असते ती भाड्यासाठी. विशेषतः निवृत्त मंडळींना आणि ज्यांच्यामागे पेढी पाहणारे कोणी नाही अशा भगिनींना. त्यांच्यासाठी रीट हा प्रकार भाड्याच्या अधिक जवळचा आहे. सेबीने २०१४ मध्ये त्याचे नियम केले आणि एप्रिल २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स ही देशातील पहिली रीट शेअर बाजारात नोंदली गेली. पुढे माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड आणि मॉल चालवणारी नेक्सस सिलेक्ट आली. रीटच्या मालमत्तेचा किमान ८० टक्के भाग पूर्ण झालेल्या, उत्पन्न देणाऱ्या इमारतींत असावा लागतो आणि वाटपयोग्य रोकडीपैकी किमान ९० टक्के रक्कम युनिटधारकांना द्यावी लागते. रीटचा भावही खाली-वर होतो. कार्यालये रिकामी पडली की उत्पन्न घटते. तरीही घरभाड्याचा अनुभव असलेल्या माणसाला तिचे गणित समजते. याउलट रिअल्टी इंडेक्स फंडातील बहुतेक कंपन्या घरे बांधून विकतात. त्यांच्याकडून नियमित भाड्याची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

कोणी, किती, कसे?

प्रथम आपली एकूण संपत्ती एका कागदावर मांडावी. राहते घर, गाळा, गोदाम आणि प्लॉट मिळून ती निम्म्याहून अधिक होत असेल, तर स्थावराच्या धंद्यावरचा भार आधीच पुरेसा आहे. अशा कुटुंबाने शेअर बाजारात जायचेच असेल तर आधी अनेक उद्योगांत विखुरलेला, निफ्टी ५० सारख्या निर्देशांकाचा फंड घ्यावा. रिअल्टी फंड त्यानंतर, आणि माझ्या मते शेअर बाजारातील आपल्या एकूण रकमेच्या दहा टक्क्यांच्या आत. तोही एकरकमी नव्हे. दोन-तीन वर्षे मासिक हप्त्यांनी, आणि किमान दहा वर्षे न लागणाऱ्या पैशातून.

पेढीचे खेळते भांडवल यात कधीही घालू नये. दिवाळीनंतर कापसाची आवक सुरू झाली की शेतकऱ्याला रोख द्यावी लागते. बाजार त्या वेळी पडलेला असेल तर युनिट तोट्यात विकावे लागतील किंवा चढ्या व्याजाने पैसे उभे करावे लागतील. मुलीच्या लग्नाची वा मुलाच्या प्रवेशाची रक्कमही बँकेच्या ठेवीतच शोभते.

प्लॉट विकण्याआधी कराचा हिशेब करावा. चोवीस महिन्यांहून अधिक काळ धारण केलेल्या जागेच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. जागा २३ जुलै २०२४ पूर्वीची असल्यास निवासी व्यक्तीला व हिंदू अविभक्त कुटुंबाला महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन २० टक्क्यांचा हिशेबही करता येतो. दोहोंपैकी कमी तो कर. हा नफा सहा महिन्यांच्या आत ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांत, ५० लाखांच्या मर्यादेत, पाच वर्षे गुंतवल्यास कर वाचतो. म्युच्युअल फंडात गुंतवल्यास अशी सूट नाही, हे विक्री झाल्यावर कळून उपयोग नसतो. आपल्या सीएंचा सल्ला इसार घेण्यापूर्वी घ्यावा.

शेवटी नामनिर्देशनाविषयी. फंडाच्या अर्जावर ज्याचे नाव लिहिले तोच मालक, असा समज घरोघरी आहे. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या पश्चात त्यांच्या गुंतवणुकीवरून उद्भवलेल्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी निकाल दिला की, नामनिर्देशित व्यक्ती केवळ रक्कम स्वीकारते. मालकी मृत्युपत्राप्रमाणे किंवा वारसा कायद्याप्रमाणेच ठरते. तेव्हा प्लॉट ठेवा, फंड घ्या किंवा दोन्ही करा. मृत्युपत्र मात्र करा. कोणत्या फंडात किती युनिट आहेत, फोलिओ क्रमांक काय आणि कागद कोणत्या कपाटात आहेत, हे पत्नीला, मुलांना आणि मुलींनाही माहीत असू द्या.