सम्राटाचे चिमुकले खलाशी

जर्मनींतील एखाद्या सुखवस्तु कुटुंबाचा १९०० ते १९१४ या काळांतला फोटोंचा आल्बम उघडला, तर त्यांत एक मूल हटकून भेटतें. निळा किंवा पांढरा सैलसर सदरा, पाठीवर चौकोनी पडणारी रुंद कॉलर, कॉलरीच्या कांठाला तीन फिती, गळ्यांत काळा रेशमी रुमाल, आणि मागें दोन रिबिनी लोंबणारी टोपी. मुलगा असेल तर खालीं गुडघ्यापर्यंत तुमान. मुलगी असेल तर चुण्यांचा घागरा. मूल बर्लिनचें असो, म्युनिचचें असो, कीं ज्यानें जन्मांत समुद्र पाहिला नाहीं अशा सॅक्सनीच्या एखाद्या गांवचें असो, वेष खलाशाचाच. बाल्टिक समुद्रावरील कील हें आरमाराचें बंदर. त्यावरून या पोषाखाला ‘कीलचा पोषाख’ असेंच नांव पडलें होतें.

गंमत अशी कीं, हा वेष मूळचा जर्मन नव्हेच. १८४६ सालीं इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा चार वर्षांचा मुलगा (हाच पुढें सातवा एडवर्ड झाला) आईबापांबरोबर राजनौकेवरून सफरीला निघाला, तेव्हां त्याच्यासाठीं खलाशाचा छोटा पोषाख शिवण्यांत आला, आणि व्हिंटरहाल्टर या चित्रकारानें त्या वेषांत त्याचें चित्र काढलें. तें चित्र घरोघर आवडलें व वेषाची साथ युरोपभर पसरली. कॉलरीवरच्या तीन फिती म्हणजे नेल्सनचे तीन विजय आणि काळा रुमाल म्हणजे त्याचें सुतक, असें सांगण्याची पद्धत आहे. पण ही निव्वळ दंतकथा होय.

जर्मनींत या वेषाचा जो प्रसार झाला, त्याचें कारण मात्र केवळ हौस नव्हे. कैसर दुसरा विल्यम हा व्हिक्टोरियाचा नातू, मुलीचा मुलगा. आजोळचें आरमार पाहून त्याला आपल्याहि आरमाराचें वेड लागलें. १८९८ व १९०० सालीं टिर्पिट्झनें आरमारवाढीचे कायदे मंजूर करून घेतले, १८९८ सालींच स्थापन झालेल्या आरमार-संघानें देशभर प्रचार मांडला, आणि कैसरचीं स्वतःचीं मुलें खलाशी वेषांत फोटोंतून झळकूं लागलीं. मग वकील, डॉक्टर, प्रोफेसर यांच्या घरीं तो वेष न शिरता तरच नवल! टोपीच्या रिबिनीवर युद्धनौकेचें नांव सोनेरी अक्षरांत असे, आणि तें वाचूनच पुष्कळ पोरांची आरमाराशीं पहिली ओळख होई.

तथापि सारा दोष राजकारणाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. आयांनाहि हा वेष मनापासून पटला होता. तत्पूर्वीं समारंभाला मुलांना मखमलीचे कोट आणि जाळीच्या कॉलरी घालून बाहुल्यांसारखें उभें करीत. त्या मानानें या सैल सदऱ्यांत हातपाय हालवितां येत. स्टुटगार्ट येथें विल्हेल्म ब्लाइले यानें १८८९ सालीं काढलेल्या कारखान्यांतले विणलेले लोंकरीचे खलाशी पोषाख तर टिकाऊपणाबद्दल नांवाजलेले होते. थोरल्यानें घातलेला मधल्याला, मधल्याचा धाकट्याला, अशा रीतीनें एकच पोषाख तीन भावांच्या अंगावरून जाई. कोंपरें झिजलीं तर दुरुस्तीला परत पाठविण्याची सोय असे. काटकसरी गृहिणीला यापेक्षां अधिक काय हवें?

हा वेष अंगावर चढण्याआधीं मुलगा आणि मुलगी यांत कपड्यांनीं फारसा भेद नसे. चार-पांच वर्षांपर्यंत मुलगेहि झग्यांतच वावरत. पहिली तुमान मिळणें हा त्यांच्या आयुष्यांतला एक संस्कारच होता. मुंजीइतका थाट नसला तरी त्या दिवसापासून पोर आपल्याला ‘पुरुष’ समजूं लागे.

पण फोटोंत जें दिसत नाहीं, तेंच मुलांच्या आठवणींत अधिक राहिलें. आंतून छातीवर बिनबाह्यांची एक बंडी, पाठीमागें बटणांची. तिला रबरी पट्ट्या अडकविलेल्या, आणि त्या पट्ट्यांना मांडीपर्यंत येणारे लांब लोंकरी मोजे. ही व्यवस्था मुलगा व मुलगी दोघांनाहि सारखीच. लोंकर जाडीभरडी, टोंचणारी. पट्टी सुटली कीं मोजा घसरून पोटरीवर येई. शिवाय स्टुटगार्टचे प्रोफेसर गुस्टाव येगर यांनीं १८८० च्या सुमारास असा सिद्धांत मांडला होता कीं, अंगाला फक्त प्राण्यांची लोंकरच लागावी, वनस्पतिजन्य कापड आरोग्याला घातक. प्रोफेसरांच्या शास्त्रापायीं किती कोंवळ्या कातड्या खाजल्या असतील, कोण जाणे! मोज्यांच्या टांचांना पडलेलीं भोकें रफू करण्याचें काम मुलींचें. शाळेंत त्यांना तें शिकवीतहि असत.

शास्त्राची दुसरी बाजू मात्र खरोखर हितकर ठरली. १८९६ सालीं बर्लिनमध्यें स्त्रियांच्या पोषाखांत सुधारणा घडविण्यासाठीं एक संस्था निघाली. कंबर आवळणें बंद करा, कपड्याचा भार खांद्यांवर येऊं द्या, हें तिचें म्हणणें. प्रौढ स्त्रियांनीं तें अंगीकारण्यास पुष्कळ वेळ लावला. परंतु खांद्यावरून सरळ सुटणारे सैल झगे मुलींच्या अंगावर लौकरच दिसूं लागले. १९०१ सालीं बर्लिनजवळच्या श्टेग्लिट्झ येथें विद्यार्थ्यांनीं ‘वांडरफोगेल’ म्हणजे भटके पक्षी या नांवाचा संघ काढला, आणि उघडा गळा व आंखूड चड्डी अशा वेषांत तीं पोरें रानोमाळ हिंडूं लागलीं. कडक कॉलरीच्या शाळामास्तरांना तें मुळींच रुचलें नाहीं.

हें सर्व झालें पोटभर खाणाऱ्यांचें. बर्लिनच्या चाळींच्या अंधाऱ्या चौकांत वाढणारीं मुलें पाहावयाचीं असतील, तर हाइन्रिख त्सिले याचीं चित्रें पाहावीं. बापाच्या जुन्या तुमानीची कापून केलेली तुमान, उन्हाळ्यांत अनवाणी पाय, आणि सर्वांत लहान भावंड थोरलीच्या कडेवर. त्यांच्या टोपीवर युद्धनौकेचें नांव कोठून असणार?

१९१४ सालीं युद्ध पेटलें, तेव्हां १८९५ च्या आगेमागें जन्मलेलीं मुलें, म्हणजे कीलच्या पोषाखांत फोटो काढून घेतलेली जवळजवळ पहिलीच पिढी, भरतीच्या वयाला आली होती. वांडरफोगेलमधले कितीतरी तरुण परत आले नाहींत. घरीं उरलेल्या मुलांचे हाल निराळे. ब्रिटिश नाकेबंदीनें कापूस व लोंकर येईनाशी झाली. १९१६ सालीं सरकारनें कापडाचें नियंत्रण खातें काढलें. परवाना दाखविल्यावांचून कपडा मिळेना. कागदाच्या सुताचे कपडे निघाले, बुटांना लांकडी तळ आले. आणि १९१८ च्या नोव्हेंबरांत ज्या कील बंदराचें नांव पोरांच्या पोषाखाला दिलें होतें, तेथल्याच खऱ्या खलाशांनीं बंड केलें! थोड्याच दिवसांत कैसर हॉलंडला पळाला. पोषाख मात्र राहिला; पुढें पंधरा वर्षें आया तो मुलांना घालीतच होत्या. नाझी राजवटींत त्याची जागा युवक-संघटनेच्या गणवेषानें घेतली, आणि १९३६ च्या कायद्यानें देशांतील सर्व तरुण त्या संघटनेंत मोडले.

सर्व तरुण म्हणजे अर्थात् ज्यू सोडून. जर्मनींतील ज्यू आईबापांनींहि आपल्या मुलांना तोच खलाशी वेष तितक्याच अभिमानानें चढविला होता. त्यांतलाच एक बर्लिनचा मुलगा, वाल्टर बेंजामिन, जन्म १८९२. छायाचित्रणावर १९३१ सालीं लिहिलेल्या निबंधांत त्यानें लहानपणच्या अशा फोटोंची थट्टा केली आहे: एकांत रंगविलेल्या बर्फाच्या डोंगरापुढें तिरोलच्या पहाडी माणसाच्या सोंगांत, तर दुसऱ्यांत ऐटबाज खलाशी होऊन खांबाला रेललेला. १९३३ त त्याला देश सोडावा लागला. १९३८ सालीं ऑस्ट्रिया नाझींच्या हातीं गेल्यावर साल्झबुर्गच्या पोलिसांनीं हुकूम काढला कीं, ज्यूंनीं पहाडी पोषाख, म्हणजे कातडी चड्ड्या, तिरोली टोप्या, पांढरे मोजेसुद्धां, घालून बाहेर पडूं नये. बेंजामिन १९४० च्या सप्टेंबरांत फ्रान्समधून निसटूं पाहत असतां स्पेनच्या सरहद्दीवर पोर्टबू येथें मरण पावला.