परदेशच्या शाळेचें बोलावणें

आमच्या घरांत अध्यापनाचा वारसा मुलांनीं घेतला नाहीं. तो सुनेनें चालविला. धाकटी सूनबाई गणिताची शिक्षिका. इंग्लंडमध्यें २०२३ च्या फेब्रुवारीपासून, भारतांत शिकून तयार झालेल्या गणित, विज्ञान व भाषा ह्या विषयांच्या शिक्षकांना येथूनच अर्ज करून तेथील शिक्षकपदाची मान्यता मिळवितां येते. ती तिनें मिळविली आणि गेल्या वर्षीं वैशाखांत तेथील एका माध्यमिक शाळेचें नेमणूकपत्र आलें. पेढे वाटले गेले, केळवणें झालीं. तेथील शाळांचें वर्ष सप्टेंबरच्या आरंभीं सुरू होतें. सूनबाई मात्र पोहोंचली ऑक्टोबर सरतां सरतां. मधल्या काळांत जो मनस्ताप झाला, त्यांतील बराचसा टाळतां आला असता, आणि त्यांतील एक चूक तर माझीच होती. इतर घरांस तिचा उपयोग व्हावा, म्हणून हें लिहीत आहें.

प्रथम ह्या व्हिसाची घडण सांगतों. परदेशी शिक्षक नेमण्यासाठीं शाळेजवळ तेथील सरकारचा परवाना असावा लागतो. अशी शाळा उमेदवाराच्या नांवें प्रायोजकत्वाचा दाखला काढते. तो कागद नव्हे. संगणकांतील नोंद असते व उमेदवाराच्या हातीं तिचा क्रमांक तेवढा येतो. त्यापुढें तीन महिन्यांच्या आंत अर्ज करावा लागतो. भारतांतून जाणाऱ्यास मान्य केलेल्या दवाखान्यांत क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते. तिचा दाखला सहा महिने चालतो. मुलांत वावरावयाचें असल्यानें, गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशांत एकूण बारा महिने किंवा अधिक वास्तव्य झालें असेल, तेथील पोलिसांचाही दाखला लागतो. शाळेनें पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी घेतली नसेल, तर १,२७० पौंड सलग २८ दिवस बँकेंत शिल्लक दाखवावे लागतात. मग अर्जकेंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यावयाचे. त्यानंतर सामान्यतः तीन आठवड्यांत निर्णय होतो.

ह्या तीन आठवड्यांच्या भरंवशावर मंडळी विमानाचें तिकीट काढून बसतात. परंतु तीन आठवडे हे निर्दोष अर्जाचे. एखादी शंका निघाली, कीं दिवस मोजण्यांत अर्थ राहात नाहीं.

आमच्या अर्जांत शंका निघाली ती नांवाची. आपल्याकडे शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आडनांव आधीं, मग स्वतःचें नांव, मग वडिलांचें, असा क्रम असतो. विवाहानंतर वडिलांच्या जागीं पतीचें नांव येतें, आडनांव पालटतें, आणि आमच्यासारख्या घरांत पाळण्यांतलें नांवही पालटतें. सूनबाईचें सासरचें नांव मीं निवडलें होतें. व्युत्पत्ति पाहून, चार कोश उलगडून. चिरंजीवांनीं तें तांदुळांच्या ताटांत अंगठीनें लिहिलें, पुढें राजपत्रांत छापून आलें आणि पासपोर्टावरही चढलें. पदवी मात्र माहेरच्या नांवाची. अर्जाबरोबर राजपत्राचा उतारा जोडावा, असें थोरल्या मुलानें सुचविलें होतें. मीं म्हटलें, “पदवी विद्यापीठाची, पासपोर्ट सरकारचा, त्यावर आणखी साक्ष कशाला?” वडील माणसाचा शब्द, कोणी मोडला नाहीं.

अर्ज जुलैंत गेला. ऑगस्टच्या मध्यास विचारणा आली, कीं पदवीवरील स्त्री व पासपोर्टावरील स्त्री एकच, ह्यास पुरावा काय? ज्या उताऱ्यावर दोन्ही नांवें शेजारीं शेजारीं छापलेलीं होतीं, तो त्याच दिवशीं पाठविला. पण निर्णय येण्यास आणखी सात आठवडे लागले. विचारणारांचें चुकलें असें मी म्हणणार नाहीं. मुलांच्या शाळेंत कोण येत आहे, हें त्यांनीं पाहिलेंच पाहिजे.

दुसरी अडचण राजीनाम्याची. आपल्या राज्यांत खासगी शाळांना लागू असलेल्या १९८१ च्या सेवाशर्तींप्रमाणें कायम शिक्षकास नोकरी सोडण्यापूर्वीं तीन महिन्यांची सूचना द्यावी लागते. व्हिसा हातीं पडल्यावर राजीनामा द्यावा, तर नव्या शाळेनें तीन महिने थांबावयाचें. आधीं द्यावा, तर हातचें सुटतें आणि पळतें हातीं लागत नाहीं. सूनबाईनें मे महिन्यांतच राजीनामा दिला होता. ऑगस्टअखेर येथील नोकरी संपली आणि तेथील सुरू होईना. एकत्र कुटुंब असल्यानें चुलीवर आंच आली नाहीं. पण एकत्र कुटुंबांतच “अजून गेली नाहींस?” हा प्रश्न दिवसांतून दहा वेळां ऐकावा लागतो. वर्षानुवर्षें सकाळीं सातास वर्गावर उभी राहणारी ती मुलगी दुपारीं माळ्यावरचीं भांडीं घांशीत बसे, तें मला पाहवत नसे.

ह्या काळांत एक गोष्ट तिनें उत्तम केली. नव्या शाळेपासून तिनें कांहींही लपविलें नाहीं. दर सोमवारीं काय घडलें व काय घडलें नाहीं, तें कळवीत गेली. ठरल्या दिवसानंतर २८ दिवसांत शिक्षक रुजू न झाल्यास, उशिरास सबळ कारण असल्याखेरीज शाळेस प्रायोजकत्व सोडावें लागतें. तें कारण पत्रांतून आधींच नोंदलेलें असल्यामुळें शाळेनें जागा राखून ठेवली.

माझें वाचकांस सांगणें एवढेंच. नेमणूकपत्र येण्यापूर्वींच घरांतील सर्व दाखले एका ठिकाणीं पसरून प्रत्येकावरील नांव अक्षरशः ताडून पाहावें. जेथें फरक असेल तेथें पुरावा न मागतां जोडावा. राजीनामा द्यावयाच्या आधीं बिनपगारी रजा मिळते का, तें विचारावें. तेथील शाळेचें दुसरें सत्र जानेवारींत सुरू होतें. तेव्हां रुजू होण्याची मुभा प्रारंभींच मागण्यांत कमीपणा नाहीं. आणि केळवणें व्हिसा हातीं पडल्यावरच करावीं.

मीं चूक कबूल केली, तेव्हां सूनबाई म्हणाली, “बाबा, नांव तुम्हीं चांगलेंच दिलें आहे, कागद तेवढा राहून गेला.” परवां तिचें पत्र आलें. वर्गांतील मुलें तिला नुसतें ‘मिस’ म्हणतात. ज्या नांवासाठीं एवढें झालें, तें तेथें कोणाच्या तोंडीं नाहीं. मात्र अपूर्णांकांशीं वर्गाची ओळख झाली आहे, असें तिनें शेवटीं लिहिलें आहे. मला तेवढें पुरे.