बंदुकीच्या रंगाला गिऱ्हाईक का मिळतं?

साताऱ्याच्या बॅचमध्ये एका पोरानं विचारलं, "सर, बीजीएमआयमधल्या स्किननं खेळ सुधारत नाही, तरी माझा भाऊ त्यावर पैसे का घालतो?" प्रश्न धंद्याचाच आहे.

स्किन म्हणजे बंदुकीचा, कपड्यांचा नुसता रंगढंग. पण सोबतचे तिघे ती बघतात, समोरचा शत्रूही बघतो. लग्नातल्या फेट्यासारखंच की! एकटाच खेळत असता तर घेतली असती का?

आता खर्च बघा. थेट रुपये मोजायचे नाहीत, आधी 'यूसी' घ्यायचे, तेही ठरलेल्या पॅकमध्ये. थोडे उरतात, मग ते वापरायला पुन्हा भर घाला. भारी स्किन बऱ्याचदा क्रेटमधून, म्हणजे सोडतच. निघेलच असं नाही. शिवाय २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली. गाडा बंद पडला तर निदान शेगडी विकता येते. गाड्यासाठी भांडवल जमवत असाल तर यूसीचा खर्च वहीत वेगळा लिहाच.

कंपनी स्किन एकदा बनवते, मग कितीही विकते. आपलं तसं नाही. कंदी पेढ्याला दर किलोला नवा खवा लागतो, सांगलीच्या भडंगाला नवे चुरमुरे, शेंगदाणे. म्हणून सगळाच माल रंगीत डब्यात भरू नका. पाहुण्यांकडे नेणाऱ्याला डबा विचारा, तो त्याचे जादा पैसे देईल. घरी खाणाऱ्याला साधी पिशवीच द्या. डबेसुद्धा आधी ५०च छापून घ्या.