शीतजलातील लाकडी नौका : रेड बे येथील पाण्याखालचे उत्खनन

थंड पाण्यात बुडालेली लाकडी नौका शतकानुशतके टिकते, असे विधान अनेक ग्रंथांत आढळते. ते असत्य नाही. परंतु अपुरे आहे. केवळ थंडीने लाकूड टिकत नाही. लाकूड पोखरणाऱ्या प्राण्यांचा उपद्रव थंडीत फार कमी होतो, आणि नौका गाळात रुतली की प्राणवायूच्या अभावी कुजण्याची क्रिया अतिमंद होते, म्हणून ते टिकते. आपल्या कोकण किनाऱ्यावरील उबदार समुद्रात टेरेडो जातीचे मृदुकाय प्राणी उघड्या लाकडाची अल्पावधीत चाळण करतात, हे ध्यानी घेतले म्हणजे हा भेद स्पष्ट होईल.

या दृष्टीने कॅनडातील लाब्रादोर किनाऱ्यावरील रेड बे हे बंदर विशेष अभ्यसनीय आहे. सोळाव्या शतकात स्पेनच्या बास्क प्रांतातील खलाशी तेलाकरिता देवमाशांची शिकार करण्यास दर वर्षी येथे येत. सेल्मा बार्कम या संशोधिकेने बास्क प्रदेशातील दप्तरखाने धुंडाळून, १५६५ मध्ये 'सान हुआन' नावाचे जहाज तेलाच्या पिंपांसह या बंदरात बुडाल्याचे उजेडात आणले. त्या कागदांत बंदराचे नाव 'बुतुस' असे आहे. बुतुस म्हणजेच रेड बे हे ओळखणे हाच मुळात मोठा शोध होय. १९७८ मध्ये रॉबर्ट ग्रेनिए यांच्या नेतृत्वाखाली पार्क्स कॅनडाच्या पाणबुड्यांना तेथे एका जहाजाचे अवशेष सापडले. ते बहुधा 'सान हुआन'च असावे.

अवशेषांची खोली सुमारे १० मीटर. एवढ्या खोलीवर पाण्याचा दाब ही फारशी अडचण नव्हे. तेथे मनुष्य काही तास सुखाने राहू शकेल. अडचण होती ती थंडीची. तेथील पाणी गोठणबिंदूच्या जवळपास असते, आणि पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. प्रथम बोटे बधिर होतात, पुढे विचारशक्तीही मंदावते. केवळ वस्तू वर काढावयाच्या असत्या, तर एवढ्याने काम अडले नसते. पुरातत्त्वाचे काम मात्र बोटांचे आहे: गाळ हलक्या हाताने सारणे, प्रत्येक फळी मोजणे, पाण्याखालीच पेन्सिलीने तिचे रेखाटन करणे. थरथरत्या हाताने घेतलेले माप चुकले आणि फळी जागेवरून हलली, तर ती चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही. यावर उपाय म्हणून वरच्या तराफ्यावरून नळीवाटे गरम पाणी पोशाखात खेळते ठेवण्यात आले. या साध्या योजनेवरच उत्खननाची अचूकता अवलंबून होती, असे आमचे मत आहे. १९८५ पर्यंत तेथे १४,००० तासांहून अधिक काळ पाण्याखाली काम झाले.

या उत्खननात मोठ्या जहाजाच्या अवशेषांखाली दबलेली सुमारे ८ मीटर लांबीची एक होडी मिळाली. तिला 'चालुपा' म्हणतात. प्रत्यक्ष देवमाशाचा पाठलाग करीत ती अशी होडी. मोठ्या जहाजांचे हिशेब, करारमदार आणि खटले दप्तरांत सापडतात. होडीची बांधणी मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. तळाकडील फळ्या कडेला कडा भिडवून जोडलेल्या आणि वरच्या काही फळ्या कौलांप्रमाणे एकमेकींवर चढविलेल्या, ही तिची मिश्र रचना प्रत्यक्ष लाकडावरूनच कळली. जहाजाच्या भाराने ती चेपली खरी, पण त्याच भाराने ती गाळात दडून राहिली. उघडी राहती तर बर्फाने आणि लाटांनी तिचे काही शिल्लक ठेवले नसते.

खरा प्रश्न नंतरचा. पाण्याने भिजून राहिलेले लाकूड हवेत आणले की आकसते, तडकते. म्हणून त्यात पॉलिएथिलीन ग्लायकोल हा मेणासारखा पदार्थ मुरवावा लागतो, आणि या प्रक्रियेत वर्षे जातात. चालुपेकरिता ते कष्ट घेण्यात आले. ती आज रेड बे येथेच पाहावयास मिळते. मोठ्या जहाजाची सुमारे ३,००० लाकडे मात्र वर आणून, मोजून, रेखाटून पुन्हा समुद्रतळाशी वाळूखाली पुरण्यात आली व त्यांवर ताडपत्री अंथरण्यात आली. काहींना हा निर्णय माघारीसारखा वाटेल. आम्हांस तो योग्य वाटतो. ज्या लाकडाची नोंद पूर्ण झाली आहे, त्याला गाळाहून स्वस्त व खात्रीचे कोठार मिळणे कठीण. आणि पुढील पिढीच्या अभ्यासकास एखादे माप पुन्हा तपासावेसे वाटले, तर लाकूड तेथे आहे.