फोन चार्ज होतो, पण कॉम्प्युटरवर दिसत नाही? दुकानात जाण्याआधी हे तपासा

फोनची मेमरी भरली म्हणून फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे असतात. केबल जोडताच चार्जिंग सुरू होते, पण कॉम्प्युटरवर फोनचे नावच दिसत नाही. अशा वेळी घाईने फोन रिसेट करू नका, त्यात सगळे फोटो पुसले जातात. दोष बऱ्याचदा केबलमध्ये किंवा एखाद्या सेटिंगमध्ये असतो.

केबल फक्त चार्जिंगची तर नाही?

यूएसबी २.० केबलमध्ये साधारणपणे चार तारा असतात. दोन विजेसाठी, दोन डेटासाठी. काही स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. त्यामुळे आधी दुसरी केबल लावून पाहा. मध्ये यूएसबी हब असेल तर तो काढून फोन थेट कॉम्प्युटरला जोडा.

फोनने परवानगी दिली का?

सुरक्षेसाठी अँड्रॉइड फोन जोडल्यावर सहसा फक्त चार्ज होतो. स्क्रीन अनलॉक करा, वरून नोटिफिकेशन खाली ओढा आणि यूएसबीच्या पर्यायांत 'फाइल ट्रान्सफर' निवडा. आयफोनवर 'ट्रस्ट' दाबून पासकोड टाका.

आयफोनमधून विंडोजवर फोटो घेताना कॉपी मध्येच तुटत असेल, तर फोटोंच्या सेटिंगमध्ये 'कीप ओरिजिनल्स' निवडा. त्यामुळे पाठवताना फोटोंचा फॉरमॅट बदलण्याचे काम टळते.

किती वेळ लागेल?

यूएसबी २.०चा कमाल वेग ४८० मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ६० मेगाबाइट. या हिशेबाने ३० जीबीला आठ-नऊ मिनिटे लागतील. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, म्हणून केबल मध्येच ओढू नका.

पेनड्राइव्हवर जागा आहे, तरी व्हिडिओ जात नाही?

पेनड्राइव्ह 'फॅट ३२' फॉरमॅटमध्ये असेल, तर ४ जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल त्यावर मावत नाही. 'एक्सफॅट' हा त्यावरचा उपाय. मात्र फॉरमॅट करताना आतले सगळे पुसले जाते, म्हणून आधी ते दुसरीकडे काढून ठेवा. काढतानाही 'इजेक्ट' करूनच काढा.

'कट' नको, 'कॉपी' करा

'कट-पेस्ट' सुरू असताना केबल हलली, तर काही फाइल दोन्हीकडून जाऊ शकतात. आधी कॉपी करा. दोन्हीकडची फाइलची संख्या आणि साइज जुळवा, दोन-चार व्हिडिओ उघडून पाहा. सगळे नीट दिसले, की मगच फोनमधले डिलीट करा.